बावीस केळ्यांचा लाल घड

तीन ऑगस्ट, तीन दिवसांपासून झड, घटकाभर उघाड नाई... अन् अशा झडीत माणसानं केळीचा घड चोरावा? अहो, पिकला तरी होता काय! तुमाले सांगतो, चौदा महिने जपलं मी ते झाड. ब्रह्मपुरीच्या बाजारात रोपवाला म्हणे, "ले जाओ भाऊ, केले के खानदान का है." आणलं. पान अन् पान मोजलं. डोक्याच्या वर गेलं, मग घड लोंबला, लालभडक, टोकाला पिवळा, मोजून बावीस केळी! नवीन जात असंल म्हटलं. वहीत लिहून आहे! पहिला घड बुद्धविहारात देईन, असं गावभर सांगून बसलो... अन् घडच गायब!

चोर कोण? शेजारची मीराबाई. काऊन? एक ऑगस्ट, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, मीराबाई माझ्या कुंपणापाशी, हाती विळा. वहीत लिहून आहे! दिला अर्ज तंटामुक्ती समितीत. बैठक विहारातच, पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन संपल्यावर, सारं गाव बसून. मी उभा राहून वही वाचली, तारखेसकट, वेळेसकट... तेव्हाच घसा बसला असता तर!

अध्यक्ष बापूराव म्हणे, "काहो मीराबाई, केळी खाल्ली काय?" तीस वर्षांचा शेजार हो, पदर डोळ्याले लावून उठली. "श्रावणभाऊ, मांगं पाहा जरा." पाहतो तं काय... बुद्धमूर्तीपुढं पितळी फुलदाणी, अन् तिच्यात माझा घड! तीन दिवस त्याच्यापुढंच हात जोडून राह्यलो होतो मी! "फूल हाये ते, भाऊ. शोभेचं. केळी म्हणता तं घ्या, एक तोडून खाऊन पाहा." अन् मी... काय सांगू तुमाले... चावलो! लाकूड हो, निव्वळ लाकूड! सारं विहार हासून राह्यलं. मीराबाई तेवढी हासली नाई.

आमची घरवाली कमळा मागून म्हणे, "मीच सांगतलं होतं तिले, कापून विहारात ने म्हणून."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही सारं वहीले पुसता. मले कधी पुसलं?"

अर्ज मागं घेतला. सगळ्यांपुढं हात जोडले. मीराबाई म्हणे, "पहिले ते माह्या नावाचं पान द्या." वही दिली. तिनं पान फाडलं, घडी केली, कनवटीला खोचलं. पानाच्या मागच्या बाजूला दोन तारीख होती, तीही गेली. आता वहीत एकतीस जुलैनंतर थेट तीन ऑगस्ट आहे.