मोटार पिते ती दारू नव्हे

—तर बसा ना जमादारसाहेब, उभ्या उभ्या काय लिहिता. मोटारीतच बसा. घरात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर सध्या बॅटरी बसली आहे. आणि ते डबडं हातात घेतलंच आहे तर नीट धरा, सांडू नका, सकाळपासूनची मेहनत आहे त्यात. मी लपवतोय का काही? लपवायचं असतं तर अंगणात, भर उन्हात, सगळ्या आंजी गावाला धूर दिसेल अशी भट्टी लावली असती का? हो, भट्टीच. त्या शब्दाला मी घाबरत नाही. मोहफुलं हिंगणीच्या जंगलातली, माठ आमचा, तांब्याची नळी माझी. लिहा सगळं. चहाडी कोणी केली तेही विचारत नाही, गावात नाकं पुष्कळ आहेत. फक्त 'दारू सापडली' असं लिहू नका. एवढा एक शब्द सोडून बाकी काहीही लिहा. काऊन म्हणता—म्हणजे, का म्हणता? सांगतो. पण त्यासाठी मोटारीपासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला घाई नसावी, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकात मला हवा दिसत नाही.

तुम्ही बसलात ती बेबी ऑस्टिन. वस्तीत तिला कोणी ऑस्टिन म्हणत नाही हं. मी कलकत्त्याहून यंत्रविद्या शिकून परत आलो तेव्हा माझे बाबा—रामाजी, आत्ता तुम्हाला पाणी दिलं ते—हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनात कामाला होते. तिथे जुन्या मॅनेजरची ही मोटार सरकीच्या कोठारात पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. मालक म्हणाला, मले जागा पाहिजे, ने बाप्पा. बाबांचं गणित साधं—पोरगा इंजनाचं शिकून आला, मंग त्याले इंजन नको काय? बैलबंडीच्या मागे दोराने बांधली आणि आणली ओढत. बैल पुढे, मोटार मागे, मोटारीत बाबा स्टिअरिंग धरून, कोंबडीसुद्धा एक आत राहिलेली. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, रामाजी, हे काय होय? बाबा सांगायचे, ऑस्टिन. आंजीला पोचेपर्यंत तिची आष्टीन झाली. आता आपल्याकडे आष्टीन म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको—आष्टी गाव जिचं माहेर ती बाई. आमच्या शेजारच्या सीताबाई काकू दारात आल्या, चाकांना टायर नाहीत हे पाहिलं आणि म्हणाल्या, "आष्टीन आली खरी, पण अनवाणी काऊन धाडली इले?" झालं. तेव्हापासून ती वस्तीची सून आहे. चालू झाली नाही की रुसली, धूर सोडला की अंगात आलं—हे आमच्या धम्मदीक्षेच्या आधीचं. दीक्षेनंतर अंगात येणं बंद, आता नुसता धूर.

वर्षं गेली हो हिच्यात. मी कलकत्त्याहून काय आणलं होतं, तर पान्ह्यांची एक पेटी आणि भाषणं. यंत्र आल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, असं मी संध्याकाळी लिंबाखाली बोलायचो. लोक अगदी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "मंग ते चालते कधी?" तुम्ही हसू नका, प्रश्न रास्त होता. खालची फळी उंदरांनी खाल्लेली, तिथे सागवान बसवलं. गाद्यांत देशी कापूस भरला—दाबून पाहा, आहे की नाही? छप्पर ताडपत्रीचं. रेडिएटर गळायचा, सगळे उपाय थकले, शेवटी पाण्यात वायगावची हळद टाकली. हळद फुगते, भोकात बसते, गळती बंद. मी विज्ञान म्हणून टाकली, पण काकूंनी वस्तीभर सांगितलं की रामाजीच्या पोराने आष्टीनीले हळद लावली, आता लगन कोनासंगं? तुम्ही सीटच्या खाली काय शोधता आहात? तिथे कोंबडी बसते. हो, तीच नव्हे, तिची नात असेल. चालू द्या तुमचं, मी हे प्लग पुसता पुसता बोलतो, माझी पाठ तुमच्याकडे आहे त्याचा राग मानू नका.

तर पहिल्यांदा ती चालली ती पेट्रोलवर. वस्तीच्या टोकापर्यंत. मग थांबली, आणि सगळ्यांनी ढकलत परत आणली, आणि जाताना जेवढा आनंद होता त्याहून येताना जास्त होता, कारण येताना प्रत्येकाचा हात लागला होता. पण पेट्रोल म्हणजे वर्धेचा पंप. वर्धेला जायला मोटार पाहिजे, मोटारीला पेट्रोल पाहिजे, पेट्रोलला वर्धेला जायला पाहिजे. तुम्हीच सांगा.

तरी हौसेची गोष्ट होती तोवर चाललं असतं. मग आम्ही सगळ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली. परत आलो आणि गावच्या बंड्यांनी वस्तीची वाट सोडली. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसत्या वळत नाहीत. बोलवायला गेलं की बैल आजारी. एवढे बैल एकाच वेळी आजारी पडलेले मी कुठल्या पुस्तकात वाचले नाहीत. माझी बहीण सुलोचना, तिचे दिवस भरले तेव्हाही बैल आजारीच होते. बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर नेली. वर्धेच्या रस्त्याला लागेपर्यंतच झालं, आणि लेकरू राहिलं नाही. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले आहेत. ती आत आहे, तिने ऐकायला नको, म्हणून हळू बोलतो. ही मोटार तुम्ही दारूसोबत मुद्देमाल म्हणून नेलीत, तर मी तिला कशात घालू? ही पान्ह्यांची पेटी तेवढी राहील.

म्हणून मोह. कलकत्त्याला शिकलोच होतो की स्पिरिटवर इंजिन चालतं. इंजिनाला तेल पाजणाऱ्या नळीतलं भोक मोठं करायचं, जास्त पाजायचं, बस्स. आणि स्पिरिट म्हणजे काय, मोहाची पहिल्या धारेची पुन्हा एकदा उकळून काढली की झालं. जंगल आपलं, फूल आपलं, मोटार आपली—यात कोणाचे बैल आजारी पडायचा प्रश्न नाही. मी आनंदाने नत्थूजींकडे धावलो. नत्थूजी माहीत असतील तुम्हाला, एके काळी तुमच्या खात्याच्या तोंडी त्यांचं नाव असायचं. दीक्षेहून परत आले आणि सगळे माठ नाल्यावर नेऊन फोडले त्यांनी, एकही ठेवला नाही, लोणच्याचाही नाही. त्यांना मी म्हणालो, पुन्हा भट्टी लावा. ते म्हणाले, "बाबू, तू शिकून आला का पागल होऊन आला? शपथ घेतली ना आपन." मी म्हणालो, पिणार नाही अशी घेतली, करणार नाही अशी—आणि तिथेच माझी जीभ अडकली, कारण हे वाक्य मलाच आवडलं नाही. वकिली वास येत होता त्याला.

सगळी वस्ती बसली हो या एका प्रश्नावर. दारू मोटारीला पाजली तर शपथ मोडते का? बाबा म्हणाले, मोडते. नत्थूजी म्हणाले, मोडते. मी बोलायला उभा राहिलो तर मला बसवलं. मग सीताबाई काकू म्हणाल्या, "दारू म्हंजे काय? बंदुकीत भरते तेही दारूच. दिवाळीच्या फटाक्यातही दारूच. ते कोनी पेते काय? मानूस पेते ते दारू. मोटार पेते ते तिचं खानं. माह्या सुलूले न्याले गाडी पाहिजे, तुमची दारू नको." असं म्हणून त्यांनी एक अट घातली आणि सगळे कबूल झाले. मी पाच भाषणांत जे सांगू शकलो नसतो ते—अट काय ते सांगतो ना, थांबा, ओघात येईल.

नत्थूजी आता तोंडानाकाला दुपट्टा बांधून भट्टीवर बसतात. वासानेसुद्धा शपथेला ओरखडा नको. चव घेता येत नाही, मग कस कसा पाहायचा? तर चुलीत शिंतोडा उडवतात आणि जाळ पाहून मान हलवतात. काकू काठी घेऊन पलीकडे बसतात, नत्थूजींवर नजर ठेवायला. नत्थूजी म्हणतात, "सीताबाई, माह्यावर भरोसा नाई काय?" त्या म्हणतात, "तुह्यावर हाये, तुह्या जिभेवर नाई." आणि पहिल्यांदा जेव्हा आष्टीन हे पिऊन लिंबाला वळसा घालून आली, परत आली, साहेब, स्वतःच्या चाकांवर, तेव्हा टाकीत काठी घालून नत्थूजींनी पाहिलं आणि दुपट्ट्याआडून म्हणाले, "बाप्पा, हे त माह्याहून जास्त पेते."

आता आलं तुमच्या ध्यानात? तुम्ही 'दारू' लिहिलंत की उद्या गाव म्हणेल, पाहा, शपथा घेतल्या आणि भट्ट्या लावल्या. वस्तीतल्या एकाही माणसाच्या ओठाला ही लागलेली नाही, पण कागदावर ते दिसत नाही. कागदावर नुसती दारू दिसते. मला दंड करा, आत टाका, मी आतही भाषण करीन. पण तो शब्द—

काय झालं? ठसका? वाऱ्याने असेल, फुफाटा फार आहे यंदा. बाबा, साहेबांना पाणी द्या. डोळ्यांतून पाणी कशानं आलं तुमच्या? सुलोचनाचं ऐकून? साहेब, तुम्ही माणूस—

डबडं रिकामं आहे.

सांडलं? फळी तर कोरडी आहे. कोंबडीही शुद्धीवर आहे. म्हणजे तुम्ही. मी पाठ करून बोलत होतो तेवढ्यात. सगळं? तपासासाठी एक थेंब पुरला असता. नाही, मी तुम्हाला बोलत नाही. वास ओळखीचा आहे म्हणता ना, मग चव वेगळी लागली असेल. जरा तेलकट? हां. तीच काकूंची अट. त्या म्हणाल्या होत्या, "मोटारीले पाज, पन मानसाच्या पोटात टिकू नाई अशी कर." एरंडेल आहे त्यात. सढळ हाताने. इंजिनालाही ते बरंच असतं, स्पिरिटमध्ये छान मिसळतं, पण काकूंनी इंजिनाचा विचार केला नव्हता.

आता लिहा. खुशाल 'दारू' लिहा, माझी हरकत संपली. इतका वेळ ते मोटारीचं खाणं होतं, तुम्ही प्यालात म्हणून दारू झालं. पण मग पुढची ओळही लिहा, की दीक्षेपासून या वस्तीत दारू प्यालेला इसम एकच आढळला, आणि खाली त्याचं नाव, खातं, बिल्ला. मी पंच म्हणून सही करतो. बाबाही करतील, आता येते त्यांना.

खोडता? नीट खोडा, वाचता येतंय अजून. 'मोटारीचे तेल' असं घाला वर. तेल आहेच त्यात, खोटं काही नाही.

नाही हो, तसं लगेच होत नाही. वेळ लागतो एरंडेलाला. वर्धेपर्यंत कदाचित पोचालही. रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं आहेत, तुरी कापून झाल्या आहेत, आडोसा मात्र कमी. बाबा, साहेबांना तो लोटा देऊन टाका. परत आणायची गरज नाही.

आता बोलत बसू नका, निघा.