पुन्हा मोज

...न्हाय न्हाय, तुमी बसा मीरासाब, मी उभाच बरा. बसलो की पाय हालतात माझं. आत तुमची शहाजादी बसलीया आणि मला, तिच्या पीएच.डी.च्या गाईडला, समितीनं बाहेर काढलंय — ‘सर, जरा व्हरांड्यात थांबा, विद्यार्थिनीला एकटीला विचारायचंय.’ काय विचारायचंय? मार्गदर्शन नीट मिळतंय का म्हणून! आमच्या येळंला असलं नव्हतं. आमच्या सरांनी ‘बाळासोचं काम बरं चाललंय’ म्हटलं की बरं चाललंय, संपलं. समिती-फिमिती कुठली?

— व्हय की, हुशार हाय पोरगी. मी कुठं न्हाय म्हटलं? सायकलचं दुकान बंद ठेवून तुमी तिच्यासंगं वारणाकाठानं मातीच्या पिशव्या वाहिल्या, ठाव हाय मला. उन्हातान्हात. एकदा सोडून तीनदा. मीच लावलं की — ‘पुन्हा मोज.’ का लावलं? आता का म्हंजे... माती असती ती, एका मोजणीवर भागत न्हाय. पहिल्या खेपेला वाटलं, पोरीनं काचसामान नीट धुतलं नसंल. दुसऱ्या खेपेला — दुसऱ्या खेपेला मला कळलंतं. असं बघू नका. कळलंतं म्हंजे, शंका आलती.

काय हाय, माझाबी प्रबंध त्याच मातीवर हाय. काळ्या रानाला पाणी कितीबी द्या, मीठ फुटायचं न्हाय — हे मी लिवलं, त्यावर डॉक्टर झालो, त्यावर गावोगाव भाषणं केली. ‘सोडा पाणी, भिऊ नका!’ माझ्या मावसभावानं, पिराजीनं, सोडलं. आज त्याच्या उसाच्या रानात पांढरं फुटलंय, कुसळबी उगवत न्हाय. शब्दानं बोलला न्हाय मला कधी. अजून जेवायला बोलावतो. आणि ही पोर आकडे घेऊन समोर उभी — ‘सर, ह्याबी खेपेला मीठ तेवढंच येतंय.’ मी काय म्हटलं? वाचतो म्हटलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. वाचलं न्हाय असं न्हाय — पाठ हाय मला ते प्रकरण! फकस्त तिला म्हटलं न्हाय, की बाई, तुझं बरोबर हाय. आता आत सांगत असंल सगळं. सांगू दे. सांगायलाच पायजे तिनं...

आली. काय गं? काय विचारलं? — सर वेळ देतात का, म्हणून? मग तू काय... काय? ‘सरांनी पुन्हा पुन्हा मोजायला लावलं म्हणून आकडे पक्के झाले’? असं सांगितलंस? खरंच तसं वाटतं तुला? ...जा, जा तू, नळावर तोंड धुवून ये. घामाघूम झालीस.

व्हय म्हणाली, मीरासाब. मान हालवून व्हय म्हणाली.

— आलो, आलो म्हणावं! मला बोलावतायत. प्रकरण मान्य हाय का, एवढंच विचारणार. मान्य हाय म्हणतो. माझं चुकलंतं, हिचं बरोबर हाय, असंबी म्हणतो — म्हणायलाच पायजे, न्हाय का? आणि हे बगा, मी आत्ता जे बोल्लो ते तिला... न्हाय. सांगा. वाटंत सांगा, मी समोर नसताना. उठा आता. वडगावची गाडी लागली असंल. जावा म्हणतो नव्हं!