जोलीनची जर्सी आणि माझे त्रेसष्ट पॉइंट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा मंडळाचे प्रमुख श्री. हार्लन डिर्क्स, व्यासपीठावरचे पास्टर हार्म्स, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले कोच श्री. व्हर्लिन उबेन सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. उबेन, टिल्डन सेंटरचे आजी-माजी विद्यार्थी, आणि जिमच्या या लाकडी पायऱ्यांवर पाठ दुखत असतानाही बसलेले माझे सगळे सोबती.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. खरं सांगायचं तर तेवढाही दम उरलेला नाही. सर पुढच्या आठवड्यात मुलाकडे ओमाहाला राहायला जाणार, जूनमध्ये या शाळेला कुलूप लागणार आणि आपली नातवंडं बसनं शेजारच्या गावी शिकायला जाणार. हिवाळाभर निरोपच चाललेत. तरीही उभी राहिले, कारण सरांबद्दलची एक गोष्ट माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, तीन शाळांची मिळून एक शाळा होते आहे. तिच्या भिंतीवर प्रत्येक जुन्या शाळेची एकच जर्सी लागणार. त्या शाळेच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ बास्केटबॉल खेळाडूची. आपल्या गावानं यासाठी पाच जणांची समिती नेमली: ड्वेन, बेव्ह, प्राचार्य, पास्टर आणि दुर्दैवानं मी.

समितीची बैठक बेव्हच्या कॅफेत भरायची. तिथे काय चालायचं ते ऐका.

धान्याच्या कोठारावरचा आपला ड्वेन टेबलावर हात आपटून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणायचा, "अगं बेव्ह, मॅच कशानं जिंकतात? पॉइंटनं! अर्डिसनं एका मॅचमध्ये त्रेसष्ट केले. विषय संपला."

"आणि समोरच्यांना करू दिले नाहीत, ते कोणी?" बेव्ह कॉफी ओतता ओतता विचारायची. ती स्वतः गार्ड, म्हणजे अडवणारी खेळाडू होती, आणि दुखणं जुनं होतं.

"जॉर्डनला जग कशासाठी ओळखतं? अडवण्यासाठी?"

"तो अडवायचाही, ड्वेन. तू फक्त उड्या बघितल्यास."

"मग लेब्रॉन घे. सगळ्यात जास्त पॉइंट कोणाचे?"

"मग रसेल घे. अकरा वेळा अजिंक्यपद! आता बोल."

मग प्राचार्य हळूच म्हणायचे, "काळ वेगळा होता हो." त्यावर आणखी एक किटली कॉफी संपायची. मोठं कोण ठरतं? जास्त पॉइंट करणारा, जास्त वेळा जिंकणारा, की जास्त वर्षं टिकणारा? मी हे वाद चाळिशीत ऐकले, साठीत ऐकले, आता सत्तरीच्या तोंडावर ऐकते आहे. आणि त्या सगळ्यांत माझं नाव एखाद्या जुन्या खुर्चीसारखं इकडून तिकडे सरकवलं जातं. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला एक गृहस्थ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "त्रेसष्ट पॉइंटवाल्या त्या तुम्हीच ना?" मी हो म्हणाले.

मुलांसाठी सांगते. तेव्हा आयोवात मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा असे. तीन फॉरवर्ड कोर्टाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेघ कोणीच ओलांडायची नाही. म्हणजे बास्केट करायची ती फॉरवर्डनीच. गार्डनं आयुष्यभर नुसतं अडवायचं. जोलीन मेन्सन आमची गार्ड. तिनं शाळेसाठी चार वर्षं खेळून एकही पॉइंट केला नाही, कारण तिला तशी परवानगीच नव्हती.

समितीत दोन मतं मला पडली, दोन जोलीनला. बेव्हचं जोलीनला, हे सांगायला नको. दुसरं पास्टरांचं. त्यांच्या पत्नी तेव्हा समोरच्या संघाच्या नामांकित फॉरवर्ड होत्या, आणि डे मॉइनला राज्य स्पर्धेत जोलीननं त्यांना किती कमी पॉइंट करू दिले ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. हसू नका, बाई समोरच बसल्या आहेत.

उरलं माझं मत. मी ठरवलं, आपण मोठं मन दाखवायचं. फेब्रुवारीत बर्फातून गाडी हाकत मी जोलीनच्या शेतावर गेले. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ती 'ॲपल पाय'साठी सफरचंदं सोलत होती.

"जोलीन, माझं मत तुला देतेय," मी सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. "का?"

"का म्हणजे? तुझ्या वाट्याला कधी काही आलं नाही म्हणून."

सुरी थांबली. "म्हणजे कीव."

"तसं नाही गं."

"तसंच आहे, अर्डिस. पन्नास वर्षं गावानं सगळं तुला दिलं, आणि आता तू त्यातलं मला काढून देणार? राहू दे तुझ्याकडेच."

मलाही राग आला. एवढ्या थंडीत आले होते मी! "मग तुझं म्हणणं काय? तू माझ्यापेक्षा चांगली खेळायचीस?"

"हो."

आपल्याकडे असं कोणी बोलतं का? कोणी कौतुक केलं तर आपण म्हणतो, 'ठीकठाक जमलं.' ती सरळ 'हो' म्हणाली. आणि वर म्हणाली, "तुला ते माहीत आहे." मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, हिला गाडीपर्यंत सोडा. अंगणात बर्फ झालाय."

गाडीत बसले, पण बराच वेळ चावी फिरवली नाही. कारण ते मला माहीत होतं.

उबेन सर रोज सरावाच्या शेवटी बाकीच्या मुलींना बाजूला बसवायचे आणि आम्हा दोघींना समोरासमोर उभं करायचे. चेंडू माझ्याकडे, समोर जोलीन. मी डावीकडे वळावं तर ती तिथे आधीच उभी. उडी मारावी तर तिचा हात डोळ्यांपुढे. दहा शॉटमधले दोन बास्केटमध्ये गेले तर तो दिवस चांगला. कितीदा रडत घरी गेले आहे मी! आणि शुक्रवारी मॅचमध्ये दुसऱ्या गावाची गार्ड समोर आली की वाटायचं, ही बाई मध्येच का उभी आहे, हिला कोणी काम सांगितलेलं नाही का? ते त्रेसष्ट पॉइंट अशा एका बिचारीसमोरचे आहेत.

हे मान्य करायला मला आठवडा लागला. खोटं कशाला बोलू, फार जड गेलं. तो आकडा मला नकोसा झाला होता असं मी समजत होते. पण सोडायची वेळ आली तेव्हा कळलं, मी त्याला घट्ट धरून बसले होते.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. ड्वेन कासावीस झाला. "अर्डिस, तुझे त्रेसष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिलेत गं!"

"पाहिलेत ना? मग जे तिनं मला कधी करू दिले नाहीत, तेही ऐकून घे."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. तीन विरुद्ध दोन. जोलीनची जर्सी लागणार.

मी तिला फोन केला. "मत दिलं. कीव म्हणून नाही."

"मग?"

"हरले म्हणून."

मग ती म्हणाली, "बरं." आणि जरा थांबून, "तुझा गुडघा कसा आहे?" पन्नास वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली.

मग मी सरांकडे गेले. चाळीस वर्षं अख्ख्या गावानं त्यांना विचारलं, सर, सर्वश्रेष्ठ कोण? आणि त्यांनी कधीच नाव घेतलं नाही. मी विचारलं, "सर, तुम्हाला तर माहीत होतं. सांगितलं का नाही?"

सर म्हणाले, "सांगत होतो की. जो विचारेल त्याला म्हणायचो, सरावाला या. कोणी आलंच नाही."

सर, तुमचं मोठेपण मी यापेक्षा वेगळं काय सांगू? रिकाम्या पायऱ्यांसमोर तुम्ही दोन मुलींना घडवलंत. एकीच्या वाट्याला टाळ्या आल्या, दुसरीच्या नाही. तुम्ही मात्र दोघींवर सारखंच ओरडलात. ओमाहात तब्येत सांभाळा. तिथल्या कॅफेत कोणी वाद घालत असेल तर मुळीच मध्ये पडू नका.

इथला वाद मिटला असं मात्र समजू नका. काल सकाळी ड्वेन बेव्हला विचारत होता, जोलीननं जॉर्डनला अडवलं असतं का? मी माझी कॉफी उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं आहे. मला बोलायला लावल्याबद्दल मंडळाचे, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला काही लागलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पदरात घ्या. आज जे चुकलं त्याची माफी मागते. जोलीन, तुझ्यासमोर माझे जे शॉट चुकले त्यांची मात्र मागत नाही. ते चुकले नव्हते. ते तू अडवले होतेस.