कॉम्प्युटराचं क्वारंटाइन

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, दार कोणी लावलं?" अरे, मी लावलं! आजारी माणसाचं दार लावायचं नाय तर काय तोरण बांधायचं?

तुमाला सांगते, आमच्या आदेशनं, म्हणजे माझ्या नातवानं, भाताच्या खोलीत सहा कॉम्प्युटर मांडलेत. आमचं भात पडवीत, आणि ती खोकी आत पंख्याखाली! मी बोलले, "काय करतात रे ही?" तर बोलतो, "आजी, डिजिटल नाणं खणतात." खणतात म्हणे! ना कुदळ, ना घमेलं, ना मातीचं ढेकूळ... नुसतं दिवसभर घुंऽऽ घुंऽऽ!

त्याचा बाप साईनाथ, डोक्यानं तापट. "दिवाळीपर्यंत नाणं हातात ठेव, नायतर ही खोकी विकून शहापूरला दुकानात कामाला लाग!" पोराचं तोंड एवढंसं झालं. हातात कसं ठेवणार? ते नाणं आतल्या आतच असतं, हाताला लागतच नाय... मग खणता कशाला रे?

त्यात तो अँटीव्हायरस. राखणीला आणलेला, आणि धरतो कोणाला? खणणाऱ्या घरच्याच प्रोग्रामला! आदेश रोज हात जोडतो, "सोड रे त्याला, आपलाच आहे!" की सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी परत चोर म्हणून धरतो. किन्हवलीचे आमचे व्याही असेच, दर लग्नात मला विचारतात, "तुमी कोणाकडच्या?"

तर सोमवारी आदेश वायर आणायला शहापूरला गेलेला. इकडे एका कॉम्प्युटरवर सगळं लाल लाल! नात मनस्वीनं वाचलं, "आजी, धोका आढळला. क्वारंटाइन केलंय." हा शब्द मला शिकवू नका! कोरोनात चौदा दिवस शाळेत काढलेत मी! पहिली मनस्वीला बाहेर काढली. खिडकी लावली, दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं, उंबऱ्यावर काढ्याचा पेला ठेवला. बाकीची पाच आत खणतात म्हणे... खणू दे! एका खोलीत राहिलेली, त्यांना काय लागण झाली नसंल?

संध्याकाळी आदेशनं दार उघडलं आणि बोंबललाच, "आजीऽऽ! भट्टी केलीस गो!" सहाच्या सहा गप्प, तापून बंद. पोरगं डोकं धरून खाली बसलं. मागून साईनाथ आला. आता खोकी गेलीच म्हणून मी पदर खोचून मधे उभी, तर हा आत हात घालून बघतो... गरम हवा. मग पडवीत बघतो... अवकाळी पावसानं भिजलेलं भात, मोड यायच्या बेतात. परत आत. परत पडवीत.

"आदेश, ही परत चालू होतील का रे?"

"निवली की होतील, बाबा."

"मग विकू नको. भात आत पसर!"

चार दिवसांत भात कडकडीत! खणतात म्हणे... वाळवतात, वाळवतात! आता साईनाथच ओरडतो, "त्या अँटीव्हायरसला सांग, आपल्या माणसाला हात लावायचा नाय!" नाण्याचं कोणी नावच काढत नाय, आदेश खूश. आणि तेवढ्यात शेजारची धोंडीबाई टोपली घेऊन दारात, "गो, ह्याच्यात धरणातली मासळी वाळंल का?"

वाळली की! झकास वाळली! पण तुमाला सांगते, एवढा तो अँटीव्हायरस, आत काय शिरलं की लगेच धरणारा... मांजर धरत नाय हो! म्हणून बसलेय मीच दारात, काठी घेऊन.