पूजेसाठी शांतता

—नाही हो कुंदनसर, केबल शाबूत आहे. येतो तो आधी केबलच हलवून बघतो, तशी तुम्हीही हलवली, ठीक आहे, आता हात पुसून घ्या, मागे दसऱ्यापासून हळदकुंकू सांडलेलंय. बसा. ती खुर्ची नको, डुगडुगते. जेवण झालं ना? हितेंद्रभाऊंनी नेलं असेल शेवभाजी खायला — नेणारच, मालकांचे पुतणे ते, पुण्याहून इंजिनिअर आला की त्याला आधी शेवभाजी आणि मग सर्व्हर. पण तुम्ही तर मूळचे धुळ्याचे ना? देवपूरचे? मग बरं झालं. आपल्याकडचं माणूस आहे तर इथली रीत समजावून सांगायला नको.

तर झालं काय, की दसऱ्याला केळी पिकवायच्या दोन खोल्यांचा गारवा बंद पडला, आत भट्टी झाली, आणि या सर्व्हरनं कुणाला एक मेसेज केला नाही. आता याचं कामच ते — प्रत्येक खोलीतल्या तापमापकाला सारखं विचारत राहायचं, बाबा रे, ठीक आहेस ना, आणि पारा चढला की आमच्या सगळ्यांच्या फोनवर बोंब मारायची, इथं भोंगा वाजवायचा. आणि हा ढिम्म. दुसऱ्या दिवशी रखवालदार भिकाभाऊंनी दार उघडलं तेव्हा कळलं. त्यांनी मलाच फोन लावला — 'ताई, आठे भलती गरमी शे, बठ्ठा माल काया पडी गया!' सगळी केळी काळी, रडत होता हो म्हातारा. मी नागपूरहून परतीच्या गाडीत, शेजारी आई. नागपूरला का म्हणजे? दसऱ्याला आम्ही दुसरीकडे कुठं जाणार, दीक्षाभूमीला. दरवर्षी आईला नेते, रजेचं आधी सांगते, आणि दरवर्षी हितेंद्रभाऊ म्हणतात, 'बरं झालं मृणाली, तसंही पूजेत तुझं काय काम!' हसून म्हणतात हां. हसून म्हटलं की लागत नाही असं वाटतं त्यांना. लागतं. चांगलं लागतं.

आणि आता सगळीकडे काय बोललं जातंय ठाऊक आहे? मृणाली जागेवर नव्हती म्हणून माल गेला. सावद्याचे शेतकरी गेटवर आले तर मालकांनी त्यांनाही तेच सांगितलं — आमची मॅडम यात्रेला गेली होती. यात्रेला! चुडामण आबांनी तर तोंडावर विचारलं मला, 'बाई, आमची केळी सोडून कुठं गेली होतीस?' काय सांगू त्यांना? जळगाव केवढंसं आहे सर, एकदा नाव खराब झालं की दुसरीकडे कोण उभं करील? तुमच्यावर आहे सगळं. तुम्ही बाहेरचे, हे यंत्र तुमच्या कंपनीचं, तुम्ही म्हणाल तेच कारण धरलं जाईल, मालक म्हणालेत तसं.

म्हणून म्हणते, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. पिंग टाका. टाका ना! — जातोय, येतोय. म्हणजे वाट मोकळी. तापमापकाला विचारा — आकडा देतोय. निगराणीचा प्रोग्रॅम? — चालू. लिनक्स आहे, असा तसा बसकण मारत नाही तो. डिस्क? — जागा आहे, कारण जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, मोठी डिस्क मागून मागून माझं तोंड दुखलं. आता मेसेजची रांग बघा. रिकामी. इथंच सगळे फसतात — रांग रिकामी, म्हणजे निरोप पोचले! अहो, अडकला असता तर रांगेत दिसला असता की नाही? दिसत नाही, म्हणजे निरोप निघालाच नाही. का नाही निघाला? कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला म्हणून.

आता हे पान उघडा, निरोप गप्प ठेवायचं. बघा, ही ओळ. मोठ्यानं वाचा. हां — कुणी लावलं, हितेंद्र. कारण, पूजेसाठी शांतता. आणि कधीपर्यंत? वाचा की. पुढच्या दसऱ्यापर्यंत! हसू आलं ना? मलाही आलं होतं, आधी. गेल्या वर्षी काय झालं होतं, दसऱ्याची मशीनपूजा, एकेक मशीन बंद करून कुंकू लावायचं, खोल्यांची दारं सताड उघडी — पारा चढणारच, आणि ऐन आरतीत भोंगा! कुंदाबाई काकूंच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, हातातलं ताट हललं. अपशकुन झाला म्हणून दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. म्हणून यंदा पुतण्यानं काकूंसाठी भोंगा गप्प केला, त्याबरोबर मेसेजही. करा ना! संध्याकाळपर्यंत करा. पण नाही, यांना वाटलं एकदाच वर्षभराचं उरकून टाकू. यंत्राला कुंकू लावायचं, हार घालायचा, पाया पडायचं, आणि त्याचंच तोंड दाबायचं. आणि अभद्र कोण ठरलं? मी.

फोटो काढलाय ना, काढला नसता तर काय! मालकांना दाखवला. म्हणाले, हल्ली फोटो कुणीही बनवतं. मग ठरवलं, ओळीला हात लावायचा नाही, बाहेरचं माणूस येईल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. — हो, अजून तशीच आहे. म्हणजे, भोंगा अजून बंदच आहे. मी आणि भिकाभाऊ फिरतो ना खोल्यांतून. काल दुपारी एक खोली चढली होती, डबा टाकून पळाले, वाचली. थोडक्यात वाचली. आत पुन्हा त्या चुडामण आबांचाच माल... हे तुम्ही कुणाला बोलू नका. मला काय हौस आहे का हो? ओळ काढली की मागे नोंद राहत नाही, मी खोटी पडते, आणि ठेवली तर — माझं नाव की त्यांची केळी, असं झालंय. झोप लागत नाही. आईला तर सांगितलंच नाही काही.

घ्या, फोन घ्या. हितेंद्रभाऊ असतील. — नुसतं हो-हो काय चाललंय? काय म्हणतात? — माऊस इकडे... सर, थांबा, ते बटण — अहो! काय केलंत? ओळ कुठं गेली? — काढली? — 'प्रॉब्लेम सुटला'? हो, सुटला. सुटलाच की. वाजेल आता भोंगा, छान वाजेल.

नाव वाचलंत ना तुम्ही? आत्ता, मोठ्यानं वाचलंत, माझ्यासमोर. तेवढंच सांगा मालकांना, बाकी काही नको. माझी बाजू घेऊ नका, फक्त वाचलंत एवढं सांगा. — कुंदनसर? — लक्ष नव्हतं?

बरं.

उठा. चार्जर राहिला तुमचा, घ्या. आणि जाताना दार नीट ओढून घ्या, गारवा जातो.