अठ्ठ्याण्णव कोणाचे?

धर्मपाल : बरं झालं घरी आल्या सिस्टर. पाहा, आज बी अठ्ठ्याण्णव! माही नात मेरिटमधी आली.

कौशल्या : काका, ऑक्सिजनचे आकडे या वहीत कोण लिहिते?

धर्मपाल : मीच. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आकड्यात चुकत नाई आपण.

कौशल्या : मग आता चुकले. सोमवारी ऐंशी, मंगळवारी शहात्तर, अन् बुधवारी एकदम अठ्ठ्याण्णव? रश्मीचं एवढं येऊच शकत नाही.

धर्मपाल : काहून? नागपूरले एवढं मोठं ऑपरेशन कायच्यासाठी केलं मंग?

कौशल्या : तिचं हृदय जन्मापासून अर्धंच बनलेलं आहे ना. ऑपरेशननं रक्ताले दुसरा रस्ता करून दिला, पण चांगलं अन् वापरलेलं रक्त अजून थोडं मिसळतेच. सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी म्हणजे हिच्यासाठी बरोबर. त्याच्या खाली गेलं की फोन.

धर्मपाल : ते हिच्या मायबापाले सांगतलं असन. मले वाटलं, जितकं शंभराच्या जवळ तितकं चांगलं.

रश्मी : मी पपई खातो ना रोज, म्हणून वाढलं.

कौशल्या : तू गप बस. काका, मशीन कसं लावता ते दाखवा बरं.

धर्मपाल : हे पाहा. पोट्टीचे हात थंड रायतात, म्हणून दोघाईचे हात शालीत घेतो. चिमटा पोरगीच लावते, हुशार हाय. मंग शाल थोडी वर करून मी आकडा पायतो.

कौशल्या : आता पूर्ण शाल काढा. हात हलवू नका.

धर्मपाल : आँ? हे तं माह्याच बोटाले लागलं हाय!

कौशल्या : अन् तुम्हाले समजलं नाही?

धर्मपाल : साखरेनं बोटं बधिर झाली, सिस्टर. सुई टोचली तं समजत नाई. म्हंजे तीन दिवसापासून मी माहंच ऑक्सिजन लिहून राहिलो?

रश्मी : या वयात अठ्ठ्याण्णव, आबा! मेरिटमधी तुमीच आले.

धर्मपाल : हं, तसं पाह्यलं तं... हसू नको! लबाड कुठली.

कौशल्या : इकडे ये, रश्मी. तुझं बोट दे. काहून केलं असं?

रश्मी : उद्या शाळेत गॅदरिंग हाय. मी नाचत बी नाई, नुसती झाड हाय. झाडाले काय दम लागते? पण आकडा कमी आला असता तं आबानं जाऊच देलं नसतं.

कौशल्या : बोलू नको जरा. अडुसष्ट.

धर्मपाल : पुन्हा लावा. हात थंड असन तिचा.

कौशल्या : चोळून गरम केला, काका. हे दुसरं बोट. एकोणसत्तर. रश्मी, खरं सांग, दम लागते?

रश्मी : जिना चढतानी.

कौशल्या : अजून?

रश्मी : आडवं झालो की. कालपासून दोन उशा घेऊन राहिलो.

धर्मपाल : मले म्हणे, राणीसारखं झोपायचं हाय!

कौशल्या : काका, ऑटो बोलवा. आधी इथंच अकोल्यात ऑक्सिजन सुरू करू, नागपूरच्या डॉक्टरांना मी फोन लावते. तिच्या मम्मीले कामावर ऑटोतून फोन करून सांगू.

रश्मी : सिस्टर, मी मरतो का?

कौशल्या : मरणारी पोरगी एवढे उपद्व्याप करते का? चप्पल घाल.

(पाच दिवसांनी. नागपूरच्या दवाखान्यातली खाट.)

धर्मपाल : फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं म्हणे. नळी टाकून काढलं. अजून दोन दिवस गेले असते तं डॉक्टर म्हणाले...

रश्मी : मले काहून सांगता? नळी माह्याच बरगडीत होती.

धर्मपाल : तोंड सुरू झालं. म्हंजे बरी झाली. आता एक सांग, एका झाडासाठी केलं का हे सारं?

रश्मी : झाडासाठी बी.

धर्मपाल : अन्?

रश्मी : रागावसान.

धर्मपाल : नाई रागावत. बोल.

रश्मी : मंगळवारी शहात्तर आलं, तं तुमी न्हाणीत गेले. नळ सुरू केला. पण नळाच्या आवाजात बी रडणं ऐकू येते, आबा. मंग मी म्हटलं, तुमचं कितीक येते पाहू. चांगलं आलं. तेच दाखवलं.

धर्मपाल : शहात्तर बरोबर होतं व बाई तुह्यासाठी. मी फुकटच रडलो.

रश्मी : मले बी कोणं सांगतलं नव्हतं.

धर्मपाल : यापुढं जे येईन ते येईन. दोघं मिळून पाहू. दे बोट. तुहंच दे.

रश्मी : हे घ्या. किती?

धर्मपाल : थांब, ठरू दे. त्र्याऐंशी.

रश्मी : मंग आता काहून रडून राहिले?

धर्मपाल : सरक थोडी. बसू दे मले तुह्याजवळ.