प्लग मांडीवर

(घरामागचं अंगण. आजोबा साखळीची विजेची करवत मांडीवर घेऊन बसलेत. सगळं शांत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बटणाचा 'टक्' असा आवाज येतो.)

आजोबा : गेली का गं वीज? बरं झालं. तेवढ्यात साखळी ताणून घेतो.

आई : बाबा, हात! आधी हात काढा! साखळीवरचा हात काढा!

आजोबा : अगं, केवढ्यानं ओरडतेस! काढला, काढला. हे बघ, दोन्ही हात वर. सुनेनं सासऱ्याला चोरासारखं उभं केलं म्हणतील लोक.

आई : खिडकीखालच्या बोर्डाकडे बघा. लाल दिवा चालू आहे.

आजोबा : असं कसं? आत्ता तर टक् वाजलं.

आई : वाजलं, पण ते मी नाही वाजवलं. मी इथे दोरीवर कपडे घालतेय. थांबा, हलू नका. आधी प्लग काढते… हं. निघाला. आता तुम्ही श्वास घ्या, मीही घेते. खारू! ए खारूताई! बटणाला कुणी हात लावला?

खारू : मी. स्टुलावर चढून.

आई : का गं?

खारू : तू करतेस ना. आजोबा करवत मांडीवर घेऊन बसले की तू पळत येतेस आणि टक् करतेस. आज तू कपडे वाळत घालत होतीस. म्हणून मी केलं. मदत केली.

आई : अगं राणी, मी बाहेर येतानाच बंद करून आले होते. तू ते चालू केलंस.

खारू : पण आवाज तर तोच आला.

आजोबा : तोच येतो. चालूचा आणि बंदचा आवाज एकच. बरोबर बोलतेय पोरगी. म्हणजे सूनबाई, हे रोज चालतं तर.

आई : रोज नाही. तुम्ही प्लग काढायचा विसरलात तरच.

आजोबा : किती वेळा झालं असं?

आई : जाऊ द्या ना आता.

आजोबा : खारू, तू सांग. किती वेळा?

खारू : मला दहापर्यंतच मोजता येतं.

आजोबा : झालं. मिळालं उत्तर.

आई : बाबा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नाही बोलले. वीज गेली म्हटलं की तुम्ही 'बरं' म्हणून कामाला लागायचात. मला वाटलं, चालतंय तोवर चालू द्यावं.

आजोबा : वीज गेली म्हणून सांगतेस आणि आत मिक्सर गरगर फिरतोय. म्हातारा झालोय गं, बहिरा नाही झालो.

आई : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

आजोबा : दुसऱ्याच दिवशी कळलं.

आई : आणि बोलला नाहीत!

आजोबा : काय तोंडानं बोलू? चाळीस वर्षं सुतारकी केली. ही विजेची करवत आल्यापासून हाताखालच्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आलो. साखळीला हात लावायचा तर प्लग आपल्या मांडीवर. भिंतीत नाही, दुसऱ्याच्या भरवशावर नाही. आपल्या मांडीवर, डोळ्यांसमोर. एकाचंही बोट जाऊ दिलं नाही. आणि आता मीच विसरतो. आधी लाज वाटली. मग सवय लागली. बसायचं आणि तुझ्या टक्ची वाट बघायची. टक् झालं की कामाला हात घालायचा.

आई : वाट बघायचात? माझ्या टक्ची? आणि मी हिला आंघोळ घालत असते तर? डुलकी लागली असती तर?

आजोबा : तसा खटका दाबल्याशिवाय फिरत नाही ती. वर अंगठ्याचा अडसर आहे, तोही दाबावा लागतो.

आई : मला नका सांगू. मशीन मांडीवरून घसरली की माणूस आधी मूठच आवळतो, आणि मुठीतच खटका असतो. हे कुणी सांगितलं होतं मला?

आजोबा : मीच असणार. आपल्या घरात एवढं शहाणं दुसरं कोण आहे?

आई : हसू नका. बघा, ओला टॉवेल अजून माझ्या खांद्यावरच राहिलाय.

आजोबा : दिसतोय गं. म्हणूनच हसतोय. बरं, ऐक. उचल ती करवत आणि टाक माळ्यावर. तुझा नवराही तेच म्हणत असेल. खरं सांग.

आई : म्हणतात. परवा म्हणाले, कुलपात ठेव आणि किल्ली हरवली म्हणून सांग.

आजोबा : मग? ठेवली का नाहीस?

आई : ठेवली असती तर सकाळी आंघोळ उरकून, शर्टाच्या बाह्या दुमडून तुम्ही कुठे गेला असता? कॉटवर बसून भिंतीकडे बघत राहिला असता. ते मला बघवलं नसतं. आणि हिची खुर्ची कोण पुरी करणार?

आजोबा : खुर्ची राहिलीच की. दोन पाय झाले, दोन बाकी. बाळ्या, इकडे ये बघू. उभा राहा. गुडघ्यापर्यंत किती भरतं ते बघू.

खारू : आजोबा, बाळ्या म्हणजे पप्पा. मी खारू.

आजोबा : तेच ते. तूही त्याच्यासारखीच वळवळतेस ना, म्हणून.

आई : बाबा, तो पाना द्या जरा. आणि कानसही.

आजोबा : माळ्यावर टाकणार?

आई : द्या तर खरं. खारू, कपड्यांच्या टोपलीत जुन्या परकराची नाडी आहे, ती आण. हां. आता हा पाना आणि ही कानस, दोन्ही प्लगच्या गळ्यात बांधायची. एवढीशी वीतभर नाडी ठेवायची. गाठ बघा, तुमच्यासारखी मारलीय.

आजोबा : हे काय नवीन?

आई : थांबा, आतलं बटण बंद करून येते… हं, लाल दिवा विझला. प्लग बोर्डात घालते. बटण बंदच आहे, घाबरू नका. आता तिथे बसा आणि साखळी ताणून दाखवा.

आजोबा : पान्याशिवाय कशी ताणू? पाना तिकडे बोर्डाला लोंबतोय.

आई : मग आणा की इकडे.

आजोबा : आणायचा तर प्लग उपटावा… अगं! अगं माझे आई!

खारू : काय झालं?

आजोबा : तुझ्या आईनं मला बांधून टाकलं. पाना पाहिजे तर प्लग आलाच मांडीवर. कानस पाहिजे तरी आलाच. विसरायला जागाच ठेवली नाही. चाळीस वर्षांत मला नाही सुचलं हे!

आई : तुम्हाला गरज नव्हती म्हणून नाही सुचलं.

आजोबा : गोड बोलतेस. चल, ये इकडे, बस माझ्या जागेवर. नुसती नाडी बांधून भागायचं नाही, मशीन कळली पाहिजे. हातमोजा घाल. साखळी फिरते ती ही लांब पट्टी, तिच्या मधोमध साखळी चिमटीत धर आणि वर उचल.

आई : उचलली.

आजोबा : सोड. परत बसली का?

आई : नाही बसली. लोंबतेय जराशी.

आजोबा : म्हणजे सैल. अशी साखळी चालता चालता निसटते. पान्यानं थोडी ताण. थोडीच! फार ताणलीस तर मोटर रडते. आता हातानं पुढे ओढून बघ.

आई : सरकतेय. आणि उचलून सोडली की जागेवर बसतेय.

आजोबा : शाबास. आता तेलाची खिडकी बघ.

आई : निम्म्याच्या खाली आहे. कुठलं घालायचं?

आजोबा : त्या पिवळ्या डब्यातलं. तळणातलं उरलेलं नाही हं. तुझ्या नवऱ्यानं एकदा काटकसर म्हणून ते घातलं होतं. आठवडाभर अंगणात लाकडाचा भुसा कमी आणि मांजरंच जास्त.

खारू : पप्पांना ओरडलात?

आजोबा : दिवसभर. खारूताई, तू पायरीवर जा. पायरीसमोर ती खडूची रेघ आहे ना, तिच्या अलीकडे पाय आला तर काम बंद. सूनबाई, चष्मा लाव. ओढणी काढून ठेव, केस बांध. वायर पाठीमागून, खांद्यावरून. प्लग लाव, आतलं बटण दाबून ये. आता दोन्ही हात मुठीला.

आई : मी? तुम्ही नाही कापणार?

आजोबा : मी खुर्ची करणार. पाय तासणं, भोकं पाडणं, सगळं माझं. हा एक काप तुझा. ऐक, पट्टीचं नाक, म्हणजे हे पुढचं टोक, लाकडाला लावायचं नाही. नाक टेकलं की मशीन उसळून तोंडावर येते. मशीनच्या पोटाजवळच्या भागानं काप, आणि डोकं पट्टीच्या रेषेत ठेवू नकोस. भीती वाटते?

आई : हो.

आजोबा : वाटू दे. ज्याची भीती गेली त्याच्या हातात मी कधी करवत दिली नाही. हं, सोड आता अलगद. वजन तिचं तिला करू दे… सरळ… सरळ… बास! खटका सोड. खाली ठेवू नकोस, साखळी पुरती थांबू दे.

आई : थांबली. पडला तुकडा!

खारू : आईनं कापलं! आईनं कापलं!

आजोबा : बघू काप. वा! माझा पहिला काप याहून वाकडा होता, पण हे बाहेर सांगायचं नाही. प्लग कुठाय?

आई : हा काय, काढून घेतलाय. मांडीवर.

आजोबा : मांडीवर. हं. बसा दोघी. आतून पॉलिशपेपर घेऊन येतो.

आई : पहिल्या फळीवर आहे, बाबा. डबा निळा.

आजोबा : ठाऊक आहे गं! अजून एवढाही गेलो नाही… निळा म्हणालीस ना?

आई : निळा.

खारू : आई.

आई : काय गं? भुसा गेला का डोळ्यात? बघू.

खारू : नाही. आजोबा प्लग विसरतात, म्हणून तू पाना प्लगला बांधलास ना?

आई : हो.

खारू : मग ते मला विसरायला लागले, तर मला कशाशी बांधायचं?